फ्लेम नेब्युला वेगवेगळ्या प्रकाशात कसा वाचायचा: छतावरच्या दुर्बिणीपासून लॅपटॉपवरच्या धुळीच्या तापमानापर्यंत

संक्रांतीच्या आसपास इंदुरात रात्री साडेआठला छतावर गेलं (आम्ही इकडचे मराठी लोक गच्चीला छतच म्हणतो) की मृग नक्षत्र पूर्व-दक्षिणेला चांगलं वर आलेलं असतं. हरणाचे चार पाय, वरच्या बाजूला तांबूस काक्षी, खाली पांढराशुभ्र राजन्य, मध्ये व्याधानं मारलेला तीन ताऱ्यांचा बाण, हे सगळं लहानपणी आजीनं दाखवलेलं असतं. त्या बाणाच्या सगळ्यात पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ, म्हणजे अल्निटाकजवळ, एक तेजोमेघ आहे, एनजीसी २०२४, ज्याला फ्लेम नेब्युला म्हणतात. धूळ आणि किरणं मिळून तारे जन्मतात त्या जागी नेमकं काय करतात हे शिकायला मला याच्याइतकी चांगली जागा दुसरी सापडली नाही, आणि शिकायला खर्च जवळजवळ शून्य आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

अकरावीतली माझी भाची मागच्या हिवाळ्यात मोबाईल पुढे धरून म्हणाली, "मामा, याचे पाच फोटो आहेत, पाचही वेगळे, खरा कोणता?" हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना पडतो. पाचही खरे आहेत, फक्त प्रत्येकानं वेगळा प्रश्न विचारलाय. एकानं विचारलं गरम वायू कुठे आहे, दुसऱ्यानं विचारलं पडद्यामागे तारे किती, तिसऱ्यानं विचारलं थंड धूळ कुठे साठलीये. कोणता फोटो कोणता प्रश्न विचारतो हे ओळखता आलं की अर्धं काम झालं.

सामान

१० बाय ५० ची साधी दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल. लॅपटॉप, इंटरनेट आणि एक शंभर पानी वही. वही टाळू नका, का ते पुढे कळेल.

आधी छतावर

फ्लेम नेब्युला शहरातून डोळ्यांना दिसत नाही, अल्निटाकचा झगमगाट आणि आपल्या रस्त्यांवरचे पांढरे एलईडी दिवे दोन्ही आड येतात. म्हणून सुरुवात बाणाच्या खाली लोंबणाऱ्या तीन अंधुक ठिपक्यांपासून करा. त्यातला मधला ठिपका दुर्बिणीतून धुरकट दिसतो, तो एम ४२, मृगातला मोठा तेजोमेघ, साधारण १,३०० प्रकाशवर्षं लांब. तो इंदूरच्या भर वस्तीतूनही दिसतो. पंधरा मिनिटं मोबाईल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मग बघा. साडेदहाच्या सुमारास मृग दक्षिणेला सगळ्यात उंच असतो, साधारण ६५ अंशांवर, तेव्हा हवेचा थर कमी असतो आणि चित्र जास्त स्वच्छ मिळतं. जमलं तर एखाद्या अमावास्येला महूच्या पुढे जानापावच्या डोंगराकडे जाऊन तेच बघा, फरक बघून माणूस गप्पच होतो.

दुर्बिणीत रंग दिसणार नाही, राखाडीच दिसेल. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, त्यामुळे दुर्बिणीत काही बिघाड आहे असं समजू नका. वहीत लिहा: डोळ्यांनी, राखाडी, आकार पंख्यासारखा. ही तुमची पहिली तरंगलांबी, ०.५ मायक्रॉनच्या आसपासची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

उदबत्तीचा प्रयोग (हा वगळू नका)

धूळ म्हटलं की आपल्याला कपाटावरची धूळ आठवते, पण ताऱ्यांमधली धूळ त्यापेक्षा काजळीच्या किंवा धुराच्या जवळची आहे. कण साधारण ०.१ मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सात-आठशेव्या भागाएवढे, काही सिलिकेटचे म्हणजे दगडासारखे, काही कार्बनचे, आणि फार थंड जागी त्यांच्यावर बर्फाचा लेप. ताऱ्यांमधल्या सगळ्या पदार्थाच्या वजनात धूळ जेमतेम एक टक्का आहे, बाकी वायू. पण आपल्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही याचा बराचसा निकाल हा एक टक्काच लावतो.

संध्याकाळी देवघरात उदबत्ती लावली की तिथेच थांबा. मोठा दिवा बंद करा, बाजूनं टॉर्च मारा, आणि मागे काहीतरी काळं असू द्या, आमच्याकडे लाकडी देव्हाऱ्याची मागची फळी आहे. टोकातून निघणारी पातळ धुराची रेघ निळसर दिसते. आता त्याच धुराच्या दाट भागातून पलीकडच्या समईच्या ज्योतीकडे बघा, ज्योत जास्त पिवळी-तांबूस वाटते. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि तांबडा त्यातल्या त्यात सरळ जाऊ देतात. बाजूनं बघितलं तर निळं, आरपार बघितलं तर लाल. आकाशात हेच दोन प्रकार आहेत: जवळच्या ताऱ्याचा प्रकाश धुळीवरून विखुरला की निळसर तेजोमेघ दिसतो, मृगातला एम ७८ तसाच आहे, आणि धुळीच्या मागचा तारा लालसर आणि अंधुक होतो. हे अंधुक होणं आकाशगंगेत सगळीकडे चालू आहे हे रॉबर्ट ट्रम्पलर या खगोलशास्त्रज्ञानं १९३० मध्ये दाखवलं, त्याआधी बरेच खगोलशास्त्रज्ञ काळ्या पट्ट्यांना ताऱ्यांमधली रिकामी भोकं समजत होते.

तरंगलांबी वाढवली की हा पडदा पातळ होतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात धूळ जेवढं अडवते, त्याच्या साधारण ०.११ पट २.२ मायक्रॉनला अडवते, म्हणजे मॅग्निट्यूडमध्ये, ताऱ्यांचा उजेड मोजायच्या मापात, मोजलं तर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, खाली त्याची कमाल बघणार आहोत.

वीनचं सूत्र आणि एक छोटा हिशोब

तवा गॅसवरून उतरवला की तो चमकत नाही, पण हात जवळ नेला की तळव्याला कळतं. तवा इन्फ्रारेड फेकतोय. विल्यम हर्शेलनं १८०० मध्ये सूर्याच्या वर्णपटात लालच्या पलीकडे थर्मामीटर ठेवून हेच पकडलं होतं. नियम सोपा आहे: २,८९८ ला केल्विनमधल्या तापमानानं भागा, सगळ्यात जास्त उजेड कोणत्या तरंगलांबीला पडतो ते मायक्रॉनमध्ये मिळतं.

तापमान ४०,००० असलेला मोठा तारा: ०.०७ मायक्रॉन, अल्ट्राव्हायोलेट. तवा, समजा ४५० केल्विन: ६.४. ताऱ्याजवळची १०० केल्विनची धूळ: २९. तीस केल्विनची धूळ: ९७. पंधरा केल्विनची, म्हणजे शून्याखाली २५८ सेल्सियसची धूळ: १९३ मायक्रॉन. एवढ्या गारठ्यातली गोष्टही चमकते, फक्त तिच्यासाठी डोळा वेगळा लागतो.

या सगळ्यामागे एकच व्यवहार आहे. तारा अल्ट्राव्हायोलेट फेकतो. हायड्रोजनचा अणू फोडायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे ९१.२ नॅनोमीटर किंवा त्याहून छोटी तरंगलांबी. तेवढी ऊर्जा असलेली किरणं ताऱ्याभोवतीचा वायू फोडून १०,००० अंशांच्या आसपास तापवतात आणि तो वायू ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल एच-अल्फा रेषेत चमकतो. ज्यांची ऊर्जा थोडी कमी पडते ती किरणं हायड्रोजनला फोडू शकत नाहीत पण पुढे जातात, ढगाच्या कडेवर कार्बनचा इलेक्ट्रॉन काढतात (त्याला ११.३ पुरतात), रेणू तोडतात, धुळीवर आदळतात. धूळ ती ऊर्जा गिळते आणि लांब तरंगलांबीत परत देते, म्हणजे एका टोकाला जी ऊर्जा गायब झाली ती दुसऱ्या टोकाला सापडते. तेजोमेघ वाचायचा म्हणजे हा हिशोब जुळवायचा.

आता लॅपटॉप: एकेक खिडकी उघडायची

स्ट्रासबर्गच्या डेटा सेंटरचं ॲलाडिन लाइट ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. सर्चमध्ये एनजीसी २०२४ रोमन अक्षरांत टाइप करा, चौकट साधारण २ अंशांची ठेवा म्हणजे अल्निटाक, फ्लेम आणि खाली हॉर्सहेड (घोड्याच्या डोक्यासारखा काळा ढग) तिन्ही मावतात. उत्तर वर, पूर्व डावीकडे. लेयरच्या बटणातून सर्व्हे, म्हणजे एका तरंगलांबीतला आकाशाचा फोटोसंच, बदलता येतो. आता महत्त्वाचं: प्रत्येक सर्व्हे उघडण्याआधी वहीत अंदाज लिहायचा, काय दिसेल, काय गायब होईल. भाचीला मी हा नियम लावला आणि तिचं शिकणं एकदम बदललं, कारण चुकलेला अंदाज माणूस विसरत नाही.

पहिला डीएसएस २ चा रंगीत सर्व्हे, पॅलोमार आणि यूके श्मिट दुर्बिणींच्या फोटोप्लेटा स्कॅन करून केलेला. अल्निटाकनं डोळे दिपतात. त्याच्या डावीकडे तांबूस-नारिंगी ज्वाळा, आणि ज्वाळांच्या बरोबर मधून उभा काळा पट्टा, झाडाच्या बुंध्यासारखा. खाली लाल पडद्यापुढे घोड्याचं काळं डोकं, जे हार्वर्डच्या फोटोप्लेटवर विल्यमिना फ्लेमिंगनी १८८८ मध्ये पहिल्यांदा टिपलं. इथे विचारायचं: या ज्वाळा कोण पेटवतंय? शेजारी एवढा प्रचंड तारा बसलाय म्हणून सगळे अल्निटाककडे बोट दाखवतात, अजूनही कितीतरी ठिकाणी तसंच लिहिलेलं सापडतं.

दुसरा टू-मास, जवळच्या इन्फ्रारेडमधला सर्व्हे, १.२५, १.६५ आणि २.१७ मायक्रॉन. काळा पट्टा होता तिथे बघा. पट्टा जवळजवळ विरघळतो आणि त्याच्या जागी ताऱ्यांचा दाट घोळका उभा राहतो, पिवळे, तांबडे, शेकड्यांनी. हा क्षण मी कितीही वेळा बघितला तरी मला पुन्हा बघावासा वाटतो. डीएसएस आणि टू-मास एकावर एक ठेवून पारदर्शकतेची पट्टी हळूहळू सरकवा, घाई करू नका.

ज्वाळा पेटवणारा खरा तारा या घोळक्यातच आहे. २००३ मध्ये इन्फ्रारेड निरीक्षणांवरून आयआरएस २बी नावाचा तारा त्यासाठी पुढे आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसंच झालं होतं, दिवा पट्ट्याच्या मागेच होता. त्याच्यापुढची धूळ दृश्य प्रकाशात सुमारे २४ मॅग्निट्यूड अडवते. पाच मॅग्निट्यूड म्हणजे शंभर पट, तर चोवीस म्हणजे साधारण चारशे कोटी पट, चारशे कोटी फोटॉन निघाले तर एक पोचतो. आता वहीतला ०.११ काढा: २४ गुणिले ०.११ म्हणजे २.६ मॅग्निट्यूड, म्हणजे २.२ मायक्रॉनला फक्त अकरा पट कमी. तीच धूळ, तोच तारा, एका खिडकीत कायमचा गायब आणि दुसऱ्या खिडकीत जरा अंधुक. हा गुणाकार स्वतःच्या हातानं करा, वाचून सोडू नका.

तिसरा ऑलवाइज, म्हणजे वाइज उपग्रहाचा, ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन. इथे बहुतेक जण एक चूक करतात आणि मी पण बरीच वर्षं करत होतो. १२ मायक्रॉनला ढगाच्या कडा झगमगताना दिसतात, आणि वीनचं सूत्र हातात असल्यामुळे आपण लगेच म्हणतो की इथली धूळ २४० केल्विनची. नाही. या उजेडाचा मोठा भाग पीएएच नावाच्या कार्बनच्या चपट्या रेणूंचा असतो, षटकोनी जाळीसारखे, जळक्या तेलाच्या काजळीत सापडतात त्याच कुळातले. त्यांच्या ठरलेल्या पट्ट्या आहेत, ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.३ मायक्रॉनला. हा रेणू इतका लहान असतो की अल्ट्राव्हायोलेटचा एकच फोटॉन लागला तरी तो क्षणभर हजार केल्विनच्या घरात तापतो, चमकतो आणि परत थंड होतो. म्हणून १२ मायक्रॉनचा फोटो तापमान सांगत नाही, तो सांगतो की अल्ट्राव्हायोलेट इथपर्यंत पोचलंय आणि इथे रेणू अजून शाबूत आहेत. हॉर्सहेडच्या मागची लांब कड याच कारणानं उजळते. वहीत १२ मायक्रॉनपुढे लाल पेननं लिहा: थर्मामीटर नाही. २२ मायक्रॉनला मात्र ताऱ्यांजवळच्या तापलेल्या बारीक कणांचा हिस्सा वाढतो आणि फ्लेमचा मधला भाग पेटल्यासारखा दिसतो.

चौथी खिडकी हर्शेल, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ काढा. २००९ ते २०१३ चाललेली युरोपची अवकाश दुर्बीण, ३.५ मीटरचा आरसा, पॅक्स कॅमेरा ७०, १०० आणि १६० मायक्रॉनला, स्पायर २५०, ३५० आणि ५०० ला. आधी पॅक्सचा रंगीत नकाशा लावा, मग स्पायरचा. अल्निटाक जवळजवळ नाहीसाच होतो! ज्याच्यामुळे डीएसएसमध्ये डोळे दिपत होते त्याची इथे काही गणतीच नाही, आणि जो पट्टा काळा होता तोच सगळ्यात उजळ. घोड्याचं डोकं सुद्धा काळं न राहता स्वतः चमकतं. डीएसएसमध्ये काळं म्हणजे रिकामं नव्हतं, तिथेच सगळा माल साठलेला होता. स्पायरमध्ये फ्लेमच्या बाहेर बघितलं की दोऱ्यांसारखे लांब तंतू दिसतात, आणि त्या तंतूंवर मण्यांसारख्या गाठी. नवे तारे अशाच गाठींमध्ये जमतात.

जमिनीवरून हे का बघता येत नाही? हवेतली वाफ ही किरणं गिळते. त्यासाठी आपल्याकडे टीआयएफआरनं (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) १ मीटरची दुर्बीण बलूनला टांगून हैदराबादहून वर सोडली आणि तारे जन्मणाऱ्या ढगांचे १५० आणि २१० मायक्रॉनच्या आसपासचे नकाशे काढले, हे आपल्याच लोकांना फार कमी माहीत असतं. जवळच्या इन्फ्रारेडसाठी मात्र कोरडा डोंगर पुरतो, अबूच्या गुरुशिखरावर पीआरएलची (अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा) १.२ मीटरची दुर्बीण त्याचसाठी आहे. इंदूरहून अबूला फिरायला जाणारे कितीतरी जण शिखरावरून तिचा घुमट बघून परत येतात.

पाचवी रेडिओ: एनव्हीएसएस नावाचा रेडिओ सर्व्हे, १.४ गिगाहर्ट्झ. फुटलेल्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वळतात आणि रेडिओ फेकतात, आणि रेडिओला धूळ अडवत नाही. म्हणजे एच-अल्फानं जे सांगायचं होतं ते इथे पडद्याशिवाय कळतं. चित्र ओबडधोबड दिसेल कारण इथली बारीकी (जवळचे दोन ठिपके सुटे दिसायची मर्यादा) ४५ आर्कसेकंदांचीच आहे, आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग, पण तो तेजस्वी गोळा कुठे आहे ते बघा: काळ्या पट्ट्याच्या जागी. दिवा पट्ट्यामागे असल्याचा हा दुसरा साक्षीदार.

सहावी एक्स-रे, ‘चंद्रा’ नावाच्या अवकाश दुर्बिणीची निरीक्षणं. कोवळ्या ताऱ्यांवर चुंबकीय स्फोट सतत होत असतात, त्यांचे जोरदार एक्स-रे धुळीतून पार होतात, त्यामुळे ठिपका दिसला की बहुतेक कोवळा तारा. चंद्रा आणि इन्फ्रारेड एकत्र करून २०१४ मध्ये या घोळक्यातल्या ताऱ्यांची वयं काढली तर मधले तारे सुमारे २ लाख वर्षांचे आणि कडेचे सुमारे १५ लाख वर्षांचे निघाले. म्हणजे आतले लहान, बाहेरचे मोठे, आणि बऱ्याच जणांना अपेक्षित होतं त्याच्या उलट.

रंगांचं काय करायचं

हर्शेलच्या फोटोतला निळा म्हणजे ७० मायक्रॉन असू शकतो आणि लाल म्हणजे ५००, दोन्ही डोळ्यांना न दिसणारे. ज्यानं चित्र बनवलं त्यानं ठरवलेलं असतं. नियम बहुतेक वेळा छोटी तरंगलांबी निळी, मोठी लाल, पण बहुतेक वेळाच. म्हणून सुंदर चित्र बघितलं की आधी खाली काय लिहिलंय ते शोधा, कोणता रंग कोणती तरंगलांबी, आणि लिहिलेलं नसेल तर त्या चित्रावरून तापमानाबद्दल काहीही बोलू नका.

स्वतः तापमान काढायचं

इथून पुढे थोडी मेहनत आहे. रंगीत चित्रांवर मोजमाप करता येत नाही, फिट्स फाइल लागते, जिच्यात प्रत्येक पिक्सेलचा खरा आकडा असतो. ईएसएच्या (युरोपची अवकाश संस्था) हर्शेल संग्रहातून एनजीसी २०२४ चे १६० आणि २५० मायक्रॉनचे तयार नकाशे फुकट मिळतात. उघडायला डीएस९ हा प्रोग्राम, स्केल लॉग ठेवा, दोन फ्रेम आकाशातल्या अक्षांवर जुळवा, आणि आधी नुसतं बघा. पुढच्या गणितासाठी पायथन आणि त्याची ॲस्ट्रोपाय आणि रिप्रोजेक्ट ही पॅकेजेस पुरतात, लॅपटॉप साधा असेल तर ब्राउझरमधल्या गूगल कोलॅबवर चालतं.

पहिलं, युनिट. फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, बीयुनिट (BUNIT) बघा. पॅक्स बहुतेक जान्स्की (उजेडाचं एकक) प्रति पिक्सेलमध्ये असतो, स्पायर मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन (आकाशाच्या तुकड्याचं माप) मध्ये. पॅक्सला स्पायरच्या भाषेत आणायला पिक्सेलची बाजू आर्कसेकंदात घ्या, तिचा वर्ग करा, आणि ४२,५४५ ला त्या वर्गानं भागून जो आकडा येईल त्यानं नकाशाला गुणा.

दुसरं, बारीकी सारखी करणं. हे सोडलं तर सगळं वाया. दुर्बिणीची बारीकी तरंगलांबी भागिले आरशाचा व्यास, गुणिले १.२२: ५०० मायक्रॉन आणि ३.५ मीटर घालून बघा, ३६ आर्कसेकंद येतात आणि प्रत्यक्षातही तेवढेच आहेत. अशा मोठ्या सर्व्हेत २५० ला १८.२ आणि १६० ला साधारण १३.५. मी पहिल्यांदा हे न करता सरळ भागाकार केला आणि प्रत्येक गाठीच्या मध्यात गरम ठिपका आणि भोवती थंड कडं आलं. दोन रविवार मी त्यावर विचार करत बसलो, गाठीच्या आत तारा पेटलाय असं धरून कागदच्या कागद भरले. तसं काही नव्हतं. १६० चं चित्र जास्त टोकदार, त्याचा उजेड मध्यात गोळा झालेला, २५० चा पसरलेला, म्हणून भागाकार मध्ये वाढतो आणि कडेला पडतो. उपाय: १६० चा नकाशा मुद्दाम धूसर करा. १८.२ च्या वर्गातून १३.५ चा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या, १२.२ आर्कसेकंद येतात, त्या रुंदीचा गॉसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचा धूसरपणा, लावा (प्रोग्रामला रुंदीऐवजी सिग्मा लागतो, त्यासाठी २.३५५ नं भागा, ५.२ येतो). त्यानंतर १६० चा नकाशा २५० च्या पिक्सेलवर बसवा.

तिसरं, शून्य. पॅक्सच्या नकाशाचं शून्य खरं शून्य नसतं. दोन्ही नकाशांत ढगाबाहेरची एकच रिकामी जागा निवडा, तिथला मध्यक काढा आणि आपापल्या नकाशातून वजा करा. हा कामचलाऊ उपाय आहे, संशोधक त्यासाठी प्लांक उपग्रहाचा डेटा वापरतात, पण फ्लेमसारख्या उजळ भागात आपल्याला पुरतो. अंधुक भागात पुरत नाही, म्हणून जिथे २५० चा आकडा पार्श्वभूमीच्या जवळपास आहे तो भाग झाकून टाका.

आता १६० ला २५० नं भागा. उत्तरावरून तापमान असं वाचायचं (धुळीचा बीटा, म्हणजे तरंगलांबीप्रमाणे तिची चमक किती बदलते तो आकडा, २ धरून मी काढलेले आकडे): भागाकार ०.६ आला तर १२ केल्विन, १.१ म्हणजे १५, १.८ म्हणजे २०, २.८ म्हणजे ३०, ३.५ म्हणजे ४०. बघा, वरच्या बाजूला आकडे किती जवळजवळ येतात. २० वरून ३० ला जाताना भागाकार एकानं बदलतो, ३० वरून ४० ला फक्त ०.७ नं. म्हणून ही जोडी थंड धुळीसाठी चांगली आहे आणि फ्लेमच्या पोटातल्या गरम धुळीसाठी ढोबळ, तिथे ७० आणि १६० ची जोडी घ्यावी लागते, पण ७० मध्ये पुन्हा बारीक कणांची भेसळ सुरू होते. मधल्या सगळ्यात उजळ जागी काही पिक्सेल रिकामे किंवा विचित्र आले तर डिटेक्टरची मर्यादा समजा आणि झाका, आजूबाजूचे आकडे घालून भरू नका.

नकाशा आला की दोन जागा मोजा. फ्लेमच्या मध्याजवळ धूळ ३० केल्विनच्या घरात किंवा वर, आणि लांबच्या तंतूंमध्ये पंधरा-सोळाच्या आसपास यायला हवी. तंतूंत ४० आले तर शून्य चुकलंय. सगळीकडेच अशक्य वाटणारे आकडे आले तर युनिट चुकलंय. आणि एक लक्षात ठेवा, आपण एका रेषेतली पुढची-मागची सगळी धूळ एकत्र मोजतोय, गरम धूळ थोडी असली तरी जास्त चमकते, म्हणून गाठीच्या आतलं खरं तापमान आपल्या आकड्यापेक्षा कमीच असतं. पडताळा घ्यायचा असेल तर हर्शेल गूल्ड बेल्ट सर्व्हेनं याच भागाचे तयार तापमान आणि घनतेचे नकाशे खुले ठेवलेत, ते उघडून शेजारी ठेवा. आधी स्वतःचा काढा, मग त्यांचा उघडा.

धुळीचं वजनही यातूनच निघतं, २५० चा उजेड, तापमान आणि अंतर घालून, पण एक ग्रॅम धूळ किती चमकते या आकड्यातच दुपटीपर्यंत गडबड असते, त्यामुळे उत्तर आलं तरी त्यावर फार मिरवू नये.

पावसाळ्यासाठी

जुलैत संध्याकाळी गरुड तेजोमेघ म्हणजे एम १६ वर असतो, पण तेव्हा इंदुरात ढग असतात आणि छतावर शेवाळ. संग्रहांना पावसाळा नसतो. एम १६ मधले ते प्रसिद्ध खांब हबलनं १९९५ मध्ये दृश्य प्रकाशात टिपले, जेम्स वेबनं २०२२ मध्ये इन्फ्रारेडमध्ये, आणि हर्शेलचे नकाशेही आहेत. वरच्या सगळ्या पायऱ्या तशाच लागू होतात, फक्त तो फ्लेमपेक्षा चार-पाच पट लांब आहे, त्यामुळे १८ आर्कसेकंदांत तिथे बरंच काही एकत्र मिसळतं, खांबाची बारीक टोकं सुटी दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका.

भाचीनं त्याचं पान आधीच आखून ठेवलंय. २५० मायक्रॉनच्या रांगेत पेन्सिलीनं लिहिलंय, "टोकं गरम, बुंधे थंड, कारण तारे वरच्या बाजूला", आणि शेजारचा रकाना रिकामा आहे. बारावीची युनिट टेस्ट संपली की फाइल उतरवणार आहे.